पणजीचं नाव काय होतं?

मैत्रिणींनो, एक साधा प्रश्न विचारते. तुमच्या आजेसासूबाईंचं नाव तुम्हाला माहीत असेल. त्यांच्या सासूबाईंचं? आणि तुमच्या आईच्या आजीचं? पितृपक्षात गुरुजी तीन पिढ्यांची नावं विचारतात. वडील, आजोबा, पणजोबा इथपर्यंत गाडी कशीबशी जाते. मग ते आई, आजी, पणजी विचारतात, आणि घरातली मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागतात. कुणीतरी म्हणतं, "तिला सगळे थोरली म्हणायचे." थोरली हे काही नाव नव्हे. पण तेवढंच उरलेलं असतं.

गेल्या काही वर्षांत आपल्या मराठवाड्यात जुने कागद शोधायची एकच धांदल उडाली आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारनं समिती नेमली आणि निजामकाळातल्या नोंदींचा शोध सुरू झाला. तेव्हापासून खासरा, पहाणी पत्रक हे शब्द चहाच्या टपरीवरही ऐकू येतात. त्याआधीही दाखल्याच्या पडताळणीसाठी लोक रेकॉर्ड रूमचे उंबरे झिजवतच होते. इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा, भटक्या-विमुक्तांना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा आणि अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागतो.

तुम्ही म्हणाल, ही पुरुषांची कामं. तशी ती नाहीत. बाईचा जातीचा दाखला लग्नानंतरही माहेरच्या कागदांवरूनच निघतो. तुमच्या लेकीला उद्या नोकरीसाठी कागद लागले, तर सासरच्या ट्रंकेत ते मिळायचे नाहीत. म्हणून माहेरची वंशावळ माहीत असणं ही आपली स्वतःची गरज आहे.

आधी घरातली माणसं

कचेरीत जाण्याआधी घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाजवळ बसा. दुपारी, जेवणं झाल्यावर, हातात शेंगा फोडायला घेऊन बसलं की बोलणं आपोआप निघतं. "तुमचं सालं सांगा" असं विचारलं तर काहीच हाती लागत नाही. "उमरीची बँक लुटली तेव्हा तुम्ही केवढ्या होता?" असं विचारा. ३० जानेवारी १९४८ ला आपल्या उमरीत स्वातंत्र्यसैनिकांनी हैदराबाद स्टेट बँक लुटली. ती आठवण आपल्या भागातल्या घराघरांत आहे. तेव्हा त्या रांगत होत्या की परकर नेसत होत्या, हे कळलं की जन्मसालाचा अंदाज येतो. तसंच पोलीस ॲक्शन, म्हणजे सप्टेंबर १९४८. तसाच १९७२ चा दुष्काळ.

शाळेच्या दाखल्यावरची तारीख मात्र तपासूनच घ्या. मी अर्धवेळ शिकवते, जुनी रजिस्टरं नजरेखालून जातात. पानंच्या पानं १ जूनला जन्मलेल्या मुलांनी भरलेली असतात! तारीख माहीत नसली की गुरुजी शाळा उघडायच्या महिन्याची पहिली तारीख टाकून मोकळे. तरीही प्रवेश-निर्गम रजिस्टर हा फार मोलाचा कागद आहे. त्यात वडिलांचं नाव, गाव आणि जात मिळते.

कागद कुठं असतात?

शेतीवाल्या घरांसाठी पहिली जागा तहसीलची रेकॉर्ड रूम. सातबारा, त्यामागचे फेरफार, त्याआधीचं १९५४-५५ चं खासरा पत्रक असं मागं मागं जायचं. गट नंबर पडण्याआधी सर्व्हे नंबर होते, तेव्हा जुना सर्व्हे नंबर आधी लिहून घ्या. साध्या अर्जावर ठरलेली फी भरून नक्कल मिळते. ज्या तालुक्यांचे जुने कागद सरकारच्या 'आपले अभिलेख' या संगणकीय सोयीत चढवले आहेत, त्यांना तर घरबसल्या बघता येतं. शेती नसेल तर शाळेचं रजिस्टर आणि जन्म-मृत्यूची गाव नमुना चौदाची नोंद बघावी.

आपल्या भागाची एक अडचण ध्यानात ठेवा. जिल्हे-तालुके बदलत गेले. उमरी स्वतंत्र तालुका झाला तो अलीकडं, त्यामुळे जुने दप्तर जुन्या तालुक्याच्या ठिकाणी विचारावं लागतं. लातूर जिल्हा १९८२ मध्ये उस्मानाबादेतून, म्हणजे आजच्या धाराशिवमधून, वेगळा झाला. उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके तर १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात होते. आणि ज्यांचं माहेर मुधोळकडचं आहे त्यांनी तेलंगणाची वाट धरावी. मुधोळ तालुका १९५६ पर्यंत आपल्या नांदेड जिल्ह्यात होता. नंतर तो आदिलाबादला गेला, आता निर्मल जिल्ह्यात आहे.

दुसरी जागा म्हणजे तीर्थक्षेत्र. नाशिक, त्र्यंबकेश्वर, गया, हरिद्वार इथल्या तीर्थोपाध्यांच्या वह्यांत यात्रेला आलेल्या माणसाचं नाव, गाव, सोबत कोण होतं, हे पिढ्यान्‌पिढ्या लिहिलेलं असतं. आडनाव आणि मूळ गाव सांगितलं की तुमच्या घराण्याचे उपाध्ये कोण ते कळतं. मूळ गाव म्हणजे आज राहतो ते नव्हे, पूर्वज जिथून आले ते. काही समाजांत भाट वंशावळीची पोथी घेऊन दारी येत. तसं कुणी तुमच्याकडे येत असे का, तेही म्हाताऱ्यांना विचारा.

भाषा आणि साल

जुना कागद हातात आला की पहिली पंचाईत होते ती वाचण्याची. निजामाच्या राज्यात सरकारी कारभार आधी फारसीत आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून उर्दूत चाले. गावपातळीवरचं लिखाण बऱ्याचदा मोडीत. गावातले जुने उर्दू जाणणारे गुरुजी किंवा मौलवीसाहेब यांच्याकडे कागद न्या, आनंदानं वाचून देतात. मोडीसाठी पुराभिलेख विभागाचे प्रशिक्षण वर्ग होतात, त्यातून शिकलेले वाचक मिळतात.

साल फसली असतं. त्यात ५९० मिळवले की इसवी साल येतं. १३५७ फसली म्हणजे १९४७-४८. घाबरण्यासारखं काही नाही, किराण्याच्या हिशेबापेक्षा सोपं आहे.

नावांपुढची अक्षरंही ओळखून ठेवा. 'वल्द' किंवा 'पि.' म्हणजे अमक्याचा मुलगा. 'जौजे' किंवा 'भ्र.' म्हणजे अमक्याची बायको; भ्र. हे भ्रताराचं आखूड रूप. 'बेवा' म्हणजे विधवा. अ.पा.क. म्हणजे अज्ञान मुलाची पालनकर्ती.

बाईचं नाव कुठं सापडतं?

आता मुद्द्याचं. मी सातवीच्या मुलांना घरची वंशावळ काढून आणायला सांगितली होती. बहुतेकांनी पणजोबांपर्यंत नीट काढली, पण सगळी पुरुषांची. एका मुलीनं विचारलं, "बाई, मी कुठं लिहू माझं नाव? आमच्या वंशावळीत पोरी काढतच नाहीत." वर्गातली मुलं हसली. ती मात्र खरंच विचारत होती.

कागदांचंही तसंच आहे. नवरा जिवंत असेतो जमिनीच्या नोंदीत बाई सहसा दिसत नाही. ती दिसते नवरा गेल्यावर, वारस म्हणून. किंवा मुलं लहान असली की अ.पा.क. आई म्हणून, मुलगा सज्ञान झाला की ती नोंद कमी होते. आणि लेकींची नावं? तीही सापडतात, सगळ्या बहिणी एका ओळीत, वयासकट, सासरच्या गावासकट. कुठं, तर हक्कसोडपत्रात! भावाला हिस्सा सोडून देताना. म्हणून मैत्रिणींनो, आत्या-मावश्यांची नावं शोधायची असतील तर फेरफार आणि हक्कसोडपत्रं आधी काढा. जी बाई आयुष्यभर कागदावर नव्हती, ती एका अंगठ्यापुरती तिथं भेटते.

हे फक्त आपल्याकडेच आहे असं समजू नका. अमेरिकेत घराण्याचा शोध घेण्याचा लोकांना मोठा नाद आहे. तिथं काउंटीच्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागाच्या कचेरीत मृत्युपत्रं, खरेदीखतं, लग्नाच्या नोंदी दोन-तीनशे वर्षांच्या जपलेल्या आहेत. त्यांची पहिली जनगणना १७९० ची. पण १८४० पर्यंत तीत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव असे, बाकी बायका-मुलं नुसत्या आकड्यांत. घरातल्या प्रत्येकाचं नाव आलं ते १८५० मध्ये, आणि तेही गुलाम सोडून. त्याआधीच्या पणजीचं नाव ते लोक कुठं शोधतात? नवऱ्यानं जमीन विकली की त्या जमिनीवरचा बायकोचा हक्क सोडवून घ्यावा लागे, त्या खतात! तिला नवऱ्यापासून बाजूला नेऊन विचारत, की तू राजीखुशीनं सोडतेस ना? आणि मग तिचं नाव लिहीत. समुद्रापलीकडेही बाई कागदावर आली ती देऊन टाकतानाच.

एक दफ्तर मात्र आपल्या हातातलं आहे, आपलं स्वयंपाकघर. जुनी पितळी भांडी उलटी करून बघा. आहेराच्या भांड्यावर नाव घालायची आपल्याकडे पद्धत. ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेलं नाव, गाव, तारीख. आमच्या घरी माळ्यावरची एक परात चिंचेनं घासली, तेव्हा आजेसासूबाईंचं माहेरचं नाव आणि त्यांच्या मामाचं गाव वाचायला मिळालं. लग्नात नाव बदललेलं, त्यामुळे ते घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. मोडीत भांडी घालण्याआधी तेवढं बघाच. लग्नपत्रिका, फोटोंच्या पाठी, जुनी पोस्टकार्डं हीही त्यातलीच.

वही कशी करावी?

एक चांगली जाड पुठ्ठ्याची वही घ्या. प्रत्येक माणसाला एक पान. त्यावर माहेरचं नाव, सासरचं नाव, जन्म, लग्न, मृत्यू, गाव, आणि ही माहिती कुणी सांगितली किंवा कुठल्या कागदात मिळाली ते लिहा. शेवटची गोष्ट विसरू नका, पुढं दोन माहिती जुळेनाशा झाल्या की तिचाच आधार. ऐकीव ते पेन्सिलीनं, कागदानं ठरलेलं ते शाईनं. माहेर आणि सासर दोन्ही बाजू काढा. आणि लेकींची पानं लेकांइतकीच भरा.

मूळ कागद कुणालाही देऊन बसू नका, नक्कल द्या. "जुनी नोंद काढून देतो" म्हणून पैसे मागणाऱ्या दलालापासून दूर राहा. खोटा कागद पुढं मुलांच्याच गळ्याशी येतो. जुन्या कागदाला लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टीही लावू नका, दोन्हींनी कागद कायमचा खराब होतो. घडी उलगडून, स्वच्छ सुती कापडात, ओल न लागेल अशा ठिकाणी ठेवा. फोटो काढून दोन-तीन नातेवाइकांकडे देऊन ठेवा.

वही करता करता एक गोष्ट तुमच्या लक्षात येईल, म्हणून आधीच सांगते. महाराष्ट्रात १९९४ च्या कायद्यानं मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत हिस्सा आला, पण आधीच लग्न झालेल्या त्यात नव्हत्या. ९ सप्टेंबर २००५ पासून देशभर विवाहित-अविवाहित सगळ्या हिंदू मुलींना मुलांबरोबरीचा जन्मजात हक्क मिळाला. त्या दिवशी वडील हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२० ला स्पष्ट केलं. हिस्सा घ्यावा की सोडावा हे जिचं तिनं ठरवावं. भावाची परिस्थिती, माहेरचा ओलावा, सगळं आपण बघतोच. पण 'हितं अंगठा कर माय' म्हटलं की कागद न वाचता सही करण्याचे दिवस गेले.

आता १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळांच्या सरकारी कागदांत आईचं नाव वडिलांच्या आधी येतं. आपल्या नातींना आपलं नाव शोधत हिंडावं लागणार नाही. पण आपल्या मागच्या बायकांसाठी तशी सोय नाही. त्यांची नावं सांगणारी एखादीच म्हातारी घरात उरली असेल. येत्या रविवारी तिच्याजवळ बसा. वही नसेल तर कॅलेंडरचं मागचं पानही चालेल.