"ताई, फक्त दोन मिनिटं!"

दुपारचे दीड-दोन वाजलेले असतात. ओटा आवरून झालेला, भांडी पालथी घातलेली, मुलं शाळेत, सासूबाई नुकत्याच आडव्या झालेल्या. आपणही जरा पाठ टेकावी म्हणून चटई अंथरतो, तोच बेल वाजते! दारात खांद्याला जड बॅग लटकवलेला, गळ्यात ओळखपत्राची पट्टी असलेला एक हसरा चेहरा. "ताई, विकायला नाही आलो हो, माहिती द्यायचीय. फक्त दोन मिनिटं!" त्या दोन मिनिटांचा पाऊण तास कधी होतो आणि फरशी पुसायच्या कुठल्याशा पावडरीचे तीन डबे आपल्या हातात कसे येतात, ते भल्याभल्या हुशार बायकांना कळत नाही.

तसं पाहिलं तर दारावर विकायला येणं आपल्याला काही नवं नाही. जुन्या साड्यांवर स्टीलचं पातेलं देणारी बोहारीण, बांगड्या भरणारा कासार, कल्हईवाला, सुऱ्यांना धार लावणारा... ही सगळी माणसं दारावरच यायची. पण ती ओळखीची असायची. कुणाची लेक बाळंतपणाला आलीय, कुणाच्या घरी डोहाळजेवण आहे, हे कासाराला आपल्याआधी ठाऊक! पातेल्याला आठ दिवसांत भोक पडलं तर पुढच्या खेपेला बोहारणीला गाठून भांडता यायचं. १९८२ नंतर युरेका फोर्ब्सचे टाय बांधलेले सेल्समन व्हॅक्युम क्लीनर घेऊन शहरांतल्या घरांत जाऊ लागले. १९९६ मध्ये टपरवेअर आलं, १९९८ मध्ये ॲमवे आलं आणि विकणारी व्यक्ती आपली शेजारीण किंवा नणंदच झाली. आता मोबाईलवर बोट टेकवलं की वस्तू घरी येते. तरीही आमच्यासारख्या तालुक्याच्या गावात दारावरची वर्दळ काही कमी झालेली नाही. फरक एवढाच, की आज आलेला चेहरा पुन्हा कधी दिसेलच असं नाही.

बचत गटाच्या कामानिमित्त माझं बऱ्याच घरांत जाणं-येणं असतं. तिथे एक गोष्ट नेहमी दिसते. आपल्याला 'नको' म्हणता येत नाही. आपण म्हणतो, "आज नको." आता 'आज नको' याचा समोरच्याच्या कानात अर्थ होतो, 'उद्या या'. तो आपलं घर लक्षात ठेवतो आणि खरंच येतो. दुसरं आपलं ठरलेलं वाक्य, "ह्यांना विचारून सांगते." हे वाक्य मला अजिबात आवडत नाही. एक तर तो संध्याकाळी 'ह्यांना' भेटायला हजर होतो. आणि घरातला सगळा हिशेब आपण सांभाळायचा, किराणा-दूध-फी सगळं आपण बघायचं, मग दारातल्या परक्या माणसापुढे दोनशे रुपयांच्या निर्णयासाठी नवऱ्याच्या आड का लपायचं? तिसरं वाक्य तर धोक्याचंच, "घरी कोणी नाही हो." कृपा करून हे कधीही बोलू नका, आणि पोरांनाही बोलू देऊ नका.

त्यापेक्षा सरळ सांगावं, "नको भाऊ, आम्हाला घ्यायचं नाही." आणि हे त्याने बॅग उघडायच्या आत सांगावं. एकदा वस्तू बाहेर निघाल्या, फरशीचा एक कोपरा पुसून चकचकीत झाला, की आपल्यालाच वाटतं, एवढे कष्ट घेतले बिचाऱ्याने! हे वाटावं म्हणूनच ते कष्ट घेतलेले असतात. आवाज चढवायची गरज नाही, कारणंही द्यायची नाहीत. "आमच्याकडे आहे" म्हटलं तर "कुठल्या कंपनीचं?" येतं, "पैसे नाहीत" म्हटलं तर "हप्त्याने द्या" येतं. प्रत्येक कारणावर उत्तर त्यांना शिकवलेलं असतं.

काही प्रात्यक्षिकं मात्र समजून घेण्यासारखी आहेत. पाणी शुद्ध करायचं मशीन विकणारे दोन ग्लास मागतात. एकात आपल्या नळाचं पाणी, दुसऱ्यात त्यांच्या मशीनचं. मग विजेवर चालणारं, कांड्या असलेलं एक यंत्र दोन्हींत बुडवतात. बघता बघता नळाच्या पाण्यात तपकिरी-हिरवा गाळ तयार होतो, त्यांचं पाणी मात्र स्वच्छ! "बघा ताई, हे तुमची मुलं पितात!" कुठल्या आईच्या पोटात गोळा येणार नाही? पण तो गाळ पाण्यातली घाण नसतो. नळाच्या पाण्यात क्षार असतात, त्यामुळे त्यातून वीज वाहते, यंत्राची लोखंडी कांडी झिजते आणि तिचाच गंज पाण्यात उतरतो. त्यांच्या पाण्यातले क्षार काढलेले असल्याने वीज फारशी वाहत नाही. खात्री करायची असेल तर त्यांच्या ग्लासात चिमूटभर मीठ टाका आणि म्हणा, "आता लावा बरं पुन्हा!" तेही पाणी तसंच तपकिरी होईल. आमच्या गटातल्या एकीने हे केलं, तेव्हा त्या माणसाने सामान इतक्या घाईने आवरलं की झाकण विसरून गेला! पेनासारखं जे टीडीएस मीटर ते लावतात, तेही फक्त विरघळलेले क्षार मोजतं. भारतीय मानकांप्रमाणे लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत क्षार असलेलं पाणी चालतं. जंतू आहेत की नाहीत हे त्या पेनाला कळत नाही. पाण्याची शंका असेल तर सरकारी प्रयोगशाळेत नमुना तपासून घ्या, तोवर उकळून प्या.

"गॅस कंपनीकडून आलोय, तपासणी करायचीय" म्हणत येणाऱ्यांचंही तसंच. तपासणी असते हे खरं, म्हणूनच तर आपण फसतो. शेगडीकडे एक नजर टाकून "ही नळी बाद झालीय, बदलायची सक्ती आहे" म्हणतात आणि मनाला येईल ते पैसे सांगतात. चांगल्या सुरक्षा नळीचं आयुष्य साधारण पाच वर्षं असतं आणि तारीख तिच्यावर छापलेली असते, ती आपणच वाचावी. आलेल्या माणसाला बाहेर थांबवून गॅसच्या पुस्तकावरच्या नंबरवर आपल्या एजन्सीला फोन लावावा. खरा माणूस थांबतो. आणि गॅस गळतीची शंका आली तर कुणाची वाट न बघता १९०६ वर फोन करावा, तो नंबर चोवीस तास चालू असतो.

सगळ्यात वाईट प्रकार दागिन्यांना पॉलिश करून देणाऱ्यांचा. वर्षानुवर्षं पेपरात बातम्या येतात आणि तरीही तो चालूच आहे. आधी तांब्याची समई, देवाचं निरांजन फुकटात लखलखीत करून देतात. मग पोरीचे पैंजण. आणि मग, "आजी, हातातल्या पाटल्या किती काळ्या पडल्यात!" शाळेत आपण 'आम्लराज' शिकलो होतो, आठवतं? दोन तीव्र आम्लांचं ते मिश्रण, ज्यात सोनंसुद्धा विरघळतं. तसल्या द्रावणात पाटल्या बुडवल्या की चकाकतात खऱ्या, पण वजनात हलक्या होऊन बाहेर येतात. किंवा दागिने हळदीच्या पाण्यात घालून कुकरमध्ये ठेवायला सांगतात, "दहा मिनिटांनी उघडा" म्हणतात आणि पसार होतात. उघडल्यावर आत नुसतं पिवळं पाणी! सोन्याला दारात पॉलिश करायचं नसतं, ते आपल्या सराफाकडेच, आपल्या डोळ्यांदेखत. असं कुणी आलं की दार लावून ११२ ला फोन करा. आपण वाचलो तरी पुढच्या गल्लीतली एखादी आजी वाचायची असते.

आजीवरून आमच्या वाड्यातल्या एका काकूंची गोष्ट सांगावीशी वाटते. वय पंचाहत्तर, सून शिक्षिका, मुलगा दिवसभर दुकानात. काकूंच्या कपाटात एक दिवस सुनेला गुडघेदुखीच्या तेलाच्या पाच बाटल्या, चुंबकाचा पट्टा आणि तांब्याचं कडं सापडलं. सगळं मिळून चार हजारांच्या वर. मुलगा जाम चिडला, आईला चार माणसांत बोलला. परिणाम काय झाला? खरेदी थांबली नाही, काकू ती लपवून ठेवायला लागल्या! सून माझ्याकडे आली होती. आम्ही दोघी काकूंशी बोलत बसलो तेव्हा त्या म्हणाल्या, "अगं, तो पोरगा मला आई म्हणतो. माझा गुडघा कुठे दुखतो हे अर्धा तास ऐकून घेतो. तुमच्यापैकी कुणी विचारलंय का?" सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं. मला तिचीही कीव आली. सकाळी सहाला उठून घर आणि शाळा दोन्ही ओढणारी बाई ती, ती तरी वेळ कुठून आणणार?

शेवटी त्या दोघींनीच मार्ग काढला. काकूंच्या हातातले दरमहा पाचशे रुपये पूर्णपणे त्यांचे, त्याचा हिशेब कुणी मागायचा नाही. त्यापेक्षा जास्त काही असेल तर त्या माणसाला सांगायचं, "उद्या सून घरी असताना ये." शाळेतून आल्यावर चहा दोघींनी एकत्र घ्यायचा, आणि गुडघा खरोखरीच्या डॉक्टरांना दाखवायचा. तेलवाला दुसऱ्या दिवशी आलाच नाही. काकू दोन दिवस खट्टू होत्या.

आता नाण्याची दुसरी बाजू. दारात उभं राहणारे सगळे लबाड नसतात. मागच्या उन्हाळ्यात एक एकोणीस-वीस वर्षांची मुलगी माझ्या दारात आली. मी "नको गं" म्हटल्यावर तिने विक्रीचा आग्रह केलाच नाही. हळूच म्हणाली, "काकू, बाथरूमला जाऊ का? सकाळपासून फिरतेय." आमच्या परसात संडास-बाथरूम वेगळं आहे, तिकडे पाठवलं. नंतर ओट्यावर बसून बोलली. पगार नाही, विकलं तर कमिशन. दिवसाचं टार्गेट पूर्ण झालं नाही तर रात्री सगळ्यांसमोर बोलणी. आणि कामाला लागताना 'जॉइनिंग'चे म्हणून तिच्या आईने कानातले गहाण ठेवून पैसे भरलेले!

हे मात्र आपल्या मुलींसाठी नीट वाचा. डायरेक्ट सेलिंगसाठी केंद्र सरकारने डिसेंबर २०२१ मध्ये नियम केले आहेत. अशा कंपनीला विक्रेती म्हणून नाव नोंदवण्यासाठी प्रवेश फी घेता येत नाही. नवी माणसं जोडायची आणि त्यावर पैसे मिळवायचे, अशा साखळी योजनांना बंदी आहे. विक्रेत्याने ओळखपत्राशिवाय आणि आधी वेळ किंवा परवानगी घेतल्याशिवाय ग्राहकाच्या घरी जायचं नाही, आणि बोलायला सुरुवात करतानाच आपण कोण, कुठल्या कंपनीचे, काय विकायला आलो हे खरं खरं सांगायचं. म्हणजे "विकायला नाही आलो" हे पहिलंच वाक्य नियमात बसत नाही!

घेतलंच काही, तर पक्कं बिल मागा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष वस्तू बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर तीस दिवसांत परत न घेणं, हीसुद्धा. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. जिल्हा ग्राहक आयोगात आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही. पण बिलच नसेल, तर तक्रार करायची कुणावर? वस्तूबरोबर आधार कार्डाची झेरॉक्स किंवा मोबाईलवर आलेला ओटीपी कुणी मागत असेल तर वस्तू तिथल्या तिथे परत करा. 'बक्षीस लागलंय, पिन टाका' म्हणत असतील तर लक्षात ठेवा, यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागतच नाही, तो फक्त द्यायला लागतो.

पाण्याचा प्रश्न राहिला. "ताई, जरा पाणी मिळेल का?" याला नाही म्हणणं आपल्या संस्कारात बसत नाही, आणि आपण आत पाणी आणायला गेलो की दार सताड उघडं! आमच्या गल्लीने त्यावर उपाय केलाय. मारुतीच्या देवळाजवळ पिंपळाखाली माठ ठेवलाय, पाळीपाळीने भरतो. पोस्टमन, भंगारवाला, सेल्समन सगळे तिथेच पाणी पितात. भर दुपारी दार उघडावं लागत नाही आणि तहानलेल्याला परत पाठवल्याची रुखरुखही नाही.

त्याच पारावर आता गुरुवारी चार ते पाच अशी वेळ ठरवलीय. दारावर कुणी आलं की सांगायचं, "गुरुवारी देवळापाशी या." पॉलिशवाले कधी तिथे फिरकले नाहीत. पण हिवाळ्यात शाली घेऊन येणारे काश्मिरी भाऊ आवर्जून येतात, खुर्ज्याच्या चिनीमातीच्या बरण्यांची गाडी येते, आमच्या गटाच्या कुरडया-सांडगेही तिथेच खपतात. पंधरा-वीस बायका एकत्र असल्या की कुणी बरणी वाजवून बघते, कुणी भाव पाडते, कुणी शालीचा धागा जाळून बघते. मागच्या खेपेला अडीचशेची लोणच्याची बरणी एकशे सत्तरला पडली. काकूंनीही एक घेतली, त्यांच्या पाचशेतून.