ग्रेट झिंबाब्वे : चुन्याविना उभ्या भिंती

झिंबाब्वेच्या दक्षिण भागात, मस्विंगो शहराजवळ, ग्रॅनाइटच्या टेकड्यांमध्ये एका जुन्या राजधानीचे अवशेष पसरले आहेत. शोना लोकांच्या पूर्वजांनी ही वस्ती साधारण अकराव्या ते पंधराव्या शतकात उभारली. टेकडीवरचे बांधकाम, खोऱ्यातली वस्ती आणि खाली सपाटीवरचा मोठा गोलसर कोट असे तिचे तीन भाग आहेत. कोटाच्या बाहेरच्या भिंतीचा घेर सुमारे 250 मीटर असून काही ठिकाणी ती 11 मीटर उंच आहे.

या भिंतीत चुना नाही आणि सांधायला मातीही नाही. इथल्या टेकड्यांचा ग्रॅनाइट उन्हाने तापून आणि रात्री निवून थराथरांनी सुटतो, त्यामुळे जवळजवळ सारख्या जाडीचे दगड आयते मिळत. कमी पडले तर खडकावर जाळ करून त्यावर पाणी ओतत. हे दगड घडवून एकावर एक रचले आहेत. भिंत पायाशी रुंद आणि माथ्याकडे निमुळती होत जाते, त्यामुळे ती स्वतःच्या वजनावर तोलून राहते. भिंतींवर छप्पर नव्हते. घरे मातीची, गवताने शाकारलेली, आणि ती या कोटांच्या आत असत. शत्रूला थोपवण्याची म्हणावी तशी सोयही भिंतींत दिसत नाही. राजघराणे आणि प्रजा यांच्यातले अंतर दाखवणे, हाच त्यांचा उद्देश असावा. जुन्या भिंती ओबडधोबड, तर नंतरच्या काटेकोर थरांच्या. कारागिरी इथेच, पिढ्यान् पिढ्या, हात बसत बसत पक्की झाली, याचा याहून चांगला पुरावा शोधायची गरज नाही.

या राज्याची मूळ श्रीमंती गुराढोरांची. त्यात सोने आणि हस्तिदंत यांच्या व्यापाराची भर पडली. हा माल आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या सोफाला बंदरातून त्याच किनाऱ्यावरच्या किल्वाकडे आणि तिथून हिंदी महासागरापार जाई. उत्खननात चिनी मातीची भांडी, इराणी वाडगा आणि काचेचे मणी सापडले. त्या मण्यांतले बरेचसे भारतातून आलेले होते. पंधराव्या शतकात ही राजधानी ओस पडू लागली आणि सत्ता उत्तरेला मुतापा व पश्चिमेला खामी इथे सरकली.

1871 मध्ये कार्ल माउख हा जर्मन भूगर्भशास्त्रज्ञ तिथे पोहोचला. एका दारावरच्या लाकडाचा वास त्याला आपल्या पेन्सिलीसारखा वाटला. पेन्सिल देवदाराची, देवदार लेबननचा, म्हणजे हा बायबलमधल्या शेबाच्या राणीचा राजवाडा, असे अनुमान त्याने काढले! ते लाकूड त्याच भागातल्या झाडाचे होते. पण ही कल्पना गोऱ्या वसाहतवाद्यांच्या सोयीची ठरली. ब्रिटिश वसाहतवादी सेसिल ऱ्होड्सच्या मदतीने थिओडोर बेंटने 1891 मध्ये इथे खोदकाम केले, आणि हाती आलेल्या वस्तू स्थानिक असूनही बांधकामाचे श्रेय परक्यांना दिले. त्यानंतर रिचर्ड हॉलने ‘साफसफाई’च्या नावाखाली मातीचे थर उपसून टाकले. आज कालनिर्णयाला सर्वांत उपयोगी ठरले असते तेच हे थर.

1905 मध्ये डेव्हिड रँडल-मॅकआयव्हर यांनी आणि 1929 मध्ये गर्ट्रूड केटन-थॉम्पसन यांनी शास्त्रीय उत्खनन करून हे काम आफ्रिकी लोकांचेच असल्याचे दाखवून दिले. अभ्यासकांपुरता वाद मिटला, सरकारपुरता नाही. ऱ्होडेशियाच्या (झिंबाब्वेचे तेव्हाचे नाव) गोऱ्या राजवटीला हे सत्य छापील मजकुरात नको होते; पुरातत्त्वज्ञ पीटर गार्लेक यांना 1970 मध्ये देश सोडावा लागला.

1980 मध्ये स्वतंत्र झालेल्या देशाने या स्थळाचेच नाव घेतले आणि तिथे सापडलेला दगडी पक्षी ध्वजावर आणला. मऊ दगडात कोरलेल्या अशा आठ पक्ष्यांपैकी बरेच परदेशी गेले होते. दक्षिण आफ्रिकेने त्यांतले चार 1981 मध्ये परत केले, तर एका पक्ष्याच्या खांबाचा खालचा तुकडा 2003 मध्ये जर्मनीहून परतला.