एकट्याने पाहिलेले कोची

प्रवासवर्णने लिहिण्याचा अधिकार विद्वानांचा. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, आणि उभा जन्म गेला तो ज्वारी, तूर नि हरभऱ्याच्या पोत्यांत. तथापि स्मरणिकेच्या संपादक मंडळाने ‘या वर्षी काही तरी लिहाच’ असा आग्रह धरला, आणि गेल्या माघ महिन्यात आमच्या हातून जे एक धाडस घडले त्याची हकीकत व्यापारी बंधूंच्या कानांवर घालावी असे आम्हांसही वाटले. वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, कोणतीही खरेदीविक्री मनात न धरता, केवळ एक शहर पाहण्यासाठी आम्ही सहा दिवस कोचीस जाऊन आलो. ‘आम्ही’ या शब्दावरून कोणी सहकुटुंब सहपरिवार असा अर्थ घेऊ नये. आम्ही म्हणजे आम्ही एकटेच.

यापूर्वी प्रवास घडला नाही असे नव्हे. २०१८ च्या महामस्तकाभिषेकास श्रवणबेळगोळ झाले, सम्मेदशिखरजी झाले. पण ती यात्रा संघाबरोबरची. तुरीसाठी गुलबर्गा नि लातूर, गव्हासाठी इंदूर हेही पुष्कळ पाहिले. पण पाहिले ते मोंढ्यापासून स्टेशनापर्यंतच. मंडळी बरोबर यावयाच्या, परंतु गुडघ्यांच्या दुखण्याने त्यांना पायऱ्या चढवत नाहीत. त्या म्हणाल्या, “अहो, एकटेच जा. मी आले तर तुम्ही मला बाजारच दाखवाल.”

यामागे दुसरेही एक कारण होते, ते लपविण्यात अर्थ नाही. आमचे चिरंजीव बारा वर्षे दुकानात बसतात. लिलावास जातात, वसुली करतात, हिशेब संगणकावर ठेवतात. परंतु तिजोरीच्या किल्ल्या आमच्या कमरेला, आणि मोठ्या सौद्याचा शेवटचा शब्दही आमचाच. पावसाळ्यात बाजार थंड असताना गेलो असतो तर किल्ल्या दिल्या काय नि न दिल्या काय, सारखेच होते. ‘द्यायच्याच तर हंगामात द्या’ हाही मंडळींचाच सल्ला. त्याप्रमाणे नव्या तुरीची आवक ऐन जोरात असताना आम्ही किल्ल्या चिरंजीवांच्या हाती ठेवल्या आणि गाडीत बसलो.

बेळगावाहून लोंढा, कॅसलरॉक करीत गाडी घाट उतरते आणि मडगावास पोहोचते. तेथे गाडी बदलून, १९९८ मध्ये संपूर्ण खुल्या झालेल्या कोकण रेल्वेने मंगळुरापर्यंत आणि पुढे मलबारच्या किनाऱ्याने एर्नाकुळम गाठावयाचे. एर्नाकुळम हा शहराचा नवा भाग; जुने कोची, म्हणजे फोर्ट कोची नि मट्टनचेरी, खाडीपलीकडे आहे. २०२३ पासून विजेवर चालणाऱ्या वॉटर मेट्रोच्या नौका या खाडीत धावू लागल्या आहेत. नौकेत बसल्याबरोबर आम्ही दुकानात फोन केला. उतरल्यावर पुन्हा केला. तिसऱ्या वेळी चिरंजीव म्हणाले, “अण्णा, तुम्ही समुद्र पाहा. इथं लिलाव चाललाय.”

फोर्ट कोचीत एका ख्रिस्ती वृद्ध बाईंच्या घरी उतरण्याची सोय होती. त्यांनी मोठ्या प्रेमाने उकडलेला कप्पा पुढे ठेवला. तो कंद असल्याचे कळताच आम्हांस नाही म्हणावे लागले, आणि सूर्यास्तानंतर जेवत नसल्याचेही सांगावे लागले. बाईंना राग आला नाही. दुसऱ्या दिवसापासून आमच्यासाठी पुट्टू नि पिकलेली केळी येऊ लागली. तांदळाचे पीठ आणि ओले खोबरे वाफवून केलेला हा पदार्थ आमच्या नियमात बसणारा, आणि रुचकरही आहे.

समुद्राकाठी चिनी जाळी म्हणून प्रसिद्ध असलेली मोठाली लाकडी यंत्रे उभी आहेत. एका टोकास भले थोरले जाळे, दुसऱ्या टोकास दोरांना टांगलेले धोंडे. चार-पाच जण मिळून दोर ओढतात नि जाळे पाण्यातून वर येते. जन्मभर तराजूशी संबंध असलेल्या माणसास त्या यंत्राचे कौतुक वाटावे यात नवल नाही. धोंड्यांचा तोल असा साधलेला की एवढे धूड थोड्या माणसांच्या बळावर हलते. परंतु जाळे वर आले, त्यातील जीवांची तडफड दिसली आणि आम्ही पाठ फिरविली.

जवळच सेंट फ्रान्सिसचे चर्च आहे. वास्को द गामा १५२४ च्या डिसेंबरात कोची येथेच मरण पावला नि या जागी पुरला गेला. पुढे १५३९ मध्ये त्याचे अवशेष पोर्तुगालला नेले. आता येथे रिकाम्या थडग्याची खूण आहे. पोर्तुगीजांकडून १६६३ मध्ये डचांनी, आणि डचांकडून १७९५ मध्ये इंग्रजांनी हे शहर घेतले. सारे आले ते प्रामुख्याने मिरीसाठी! मुळात कोची हे बंदरदेखील व्यापाराने घर बदलल्याचे उदाहरण आहे. प्राचीन बंदर उत्तरेस मुझिरिस येथे, कोडुंगल्लूरच्या परिसरात होते. १३४१ मध्ये पेरियार नदीस महापूर आला, तिकडचे मुख गाळाने भरले आणि कोचीचे मुख मोकळे झाले. विसाव्या शतकात ब्रिस्टो नावाच्या इंग्रज अभियंत्याने मुखाशी आडवी आलेली रेती खोदून मोठ्या आगबोटींस वाट करून दिली, आणि उपसलेल्या गाळावर विलिंग्डन बेट उभे केले. २०११ मध्ये वल्लारपाडम बेटावर कंटेनरांचा नवा तळ झाला.

तिसऱ्या दिवशी मट्टनचेरीच्या बाजार रोडवर गेलो आणि मंडळींचे शब्द खरे ठरले. खाडीला लागून जुन्या वखारी, हवेत सुंठ नि मिरीचा वास. एका दुकानात मट्टा तांदळाचे पोते उघडे होते. हा तांदूळ भात उकडून केलेला, तांबूस नि जाड असतो. आमचा हात नकळत पोत्यात गेला आणि दाणा दातांखाली. गादीवरचे वृद्ध गृहस्थ हसून कोकणीत म्हणाले, तुम्ही धान्याचे व्यापारी दिसता! ते गौड सारस्वत. पोर्तुगीजांच्या जुलमामुळे त्यांचे पूर्वज सोळाव्या शतकात गोवा सोडून येथे आले. ते कोकणीत बोलत होते, आम्ही बेळगावी मराठीत. कोणाचेच काही अडले नाही. याच समाजातील रंग भट, विनायक पंडित नि अप्पू भट या तीन वैद्यांनी सतराव्या शतकात मलबारच्या वनस्पतींवरील ‘होर्तुस मलबारिकुस’ या डच अधिकाऱ्याच्या ग्रंथास साहाय्य केले. त्यांचे कोकणी भाषेतील, नागरी लिपीतील निवेदन त्या ग्रंथात छापलेले आहे. हे सांगताना त्या गृहस्थांचा चेहरा उजळला. पण वखारींविषयी विचारता ते म्हणाले की अर्ध्याअधिक आता जुन्या वस्तू नि शोभेचे सामान विकणाऱ्यांकडे गेल्या आहेत. १९५७ मध्ये याच भागात मिरीचा वायदेबाजार निघाला. तेथे एके काळी ओरडून भाव पुकारले जात. पुढे संगणक आले आणि तो गलबला थांबला.

चौथ्या दिवशी यहुद्यांच्या पेठेतील १५६८ सालचे परदेशी सिनेगॉग पाहिले. त्याचा घड्याळाचा मनोरा १७६० मध्ये इझिकेल राहाबी या थोर यहुदी व्यापाऱ्याने बांधविला. आत चीनहून आणलेल्या पांढऱ्या-निळ्या फरश्या, वर काचेची झुंबरे. सारे काही स्वच्छ आणि जागच्या जागी आहे. परंतु १९४८ मध्ये इस्रायल झाल्यावर येथील यहुदी कुटुंबे हळूहळू तिकडे गेली आणि आज हा समाज जवळजवळ उरलेला नाही. त्यांच्या सामुदायिक प्रार्थनेस निदान दहा प्रौढ पुरुष लागतात. ते दहा येथे मिळत नाहीत. आमच्या किल्ल्यातील कमल बस्ती १२०४ सालची. ती उभारविणाऱ्या बिचिराजाचे स्वामी रट्ट राजे केव्हाच गेले, पण नेमिनाथांच्या दर्शनास माणसे येतात म्हणून ती बस्ती आहे. येथे वास्तू अभंग, आणि येणारा तो केवळ प्रवासी. आपल्या पेठेतील किती दुकानांत पुढची पिढी बसते आहे याची आम्ही मनातल्या मनात मोजणी केली. ती येथे लिहीत नाही. वाचकांनी आपापली करावी.

त्याच सायंकाळी चिरंजीवांचा फोन आला. आम्ही राखून ठेवलेली पन्नास क्विंटल तूर त्यांनी त्या दिवशीच्या भावाने विकली होती. आमचा संताप अनावर झाला. भाव वाढणार हे आम्ही दहा वेळा बजावले होते! चिरंजीव शांतपणे म्हणाले, “अण्णा, शेतकऱ्यांचे पैसे शनिवारी द्यायचे होते. एका पार्टीचे येणे आले नाही. त्यांना पुढचा वार सांगायचा, की तूर विकायची? मी तूर विकली.” आम्ही उत्तर दिले नाही. मनोऱ्याच्या पायथ्याशी बराच वेळ बसून राहिलो. बसल्या बसल्या आठवले ते आमच्या वडिलांचे बोलणे: माल वखारीत मावतो, पत लोकांच्या तोंडी असते.

पाचव्या दिवशी गुजराती रोडवरील धर्मनाथ भगवानांच्या मंदिरात गेलो. कच्छ-गुजरातेतून आलेल्या व्यापाऱ्यांचे हे श्वेतांबर मंदिर. आमची परंपरा दिगंबर. पण दर्शनाच्या वेळी तो विचार मनात आला नाही. दुपारी तेथे पारव्यांना धान्य घालतात. क्षणात शेकडो पारवे उतरले. आम्हीही ओंजळभर दाणे टाकले. चाळीस वर्षांत आमच्या हातून गेलेल्या धान्यात, वजन नि भाव न लिहिलेले असे ते बहुधा पहिलेच!

सहाव्या दिवशी निघालो, सातव्या दिवशी घरी पोहोचलो. पुढील पंधरवड्यात तूर वाढली; त्या सौद्यात आम्हांस तोटाच झाला हे येथे नमूद करतो. चिरंजीवांनी किल्ल्या आणून पुढे ठेवल्या. आम्ही त्या परत घेतल्या नाहीत. शनिवारी ज्यांना पैसे पोहोचले ते शेतकरी पुढल्या बाजारीही आपला माल घेऊन आमच्याच अडतीवर आले.

साठी उलटलेल्या व्यापारी बंधूंस आमची नम्र विनंती एवढीच की एकदा तरी एकट्याने, आणि तेही ऐन हंगामात, गाव सोडून पाहावे. समुद्र कोठेही पाहावयास मिळेल. आपल्या पाठीमागे दुकान कसे चालते, हे मात्र दूर गेल्यावाचून दिसत नाही.