पडद्यावरच्या चुका : काही हसण्यावारी न्यायच्या, काही न्यायच्या नाहीत!

दिवसभर कामावर राबून आलेला माणूस सिनेमा बघायला बसतो तो चुका काढायला नव्हे. घटकाभर जिवाला विरंगुळा मिळावा एवढीच त्याची अपेक्षा असते. तरीही प्रत्येक घरात एखादे चौकस पोर असतेच. ते ऐन मारामारीत ओरडते, "पप्पा, मघाशी पट्टी डाव्या हाताला होती, आता उजव्या हाताला कशी आली?" मोठी माणसे त्याला दटावतात, "गप बस, बघू दे!" आमचे म्हणणे असे की, त्या पोराला गप्प बसवू नका. पडद्यावर दिसते ते सारे खरे नसते, हे त्याने आपल्या आधी ओळखले आहे.

सिनेमातल्या चुका सगळ्या सारख्या नसतात. काही नुसत्या गमतीच्या असतात. काहींमुळे इतिहास चुकीचा शिकला जातो. आणि काही अशा असतात की त्यांच्यावर विश्वास ठेवला तर जीवही जाऊ शकतो. या तिन्ही जातींची ओळख आज करून घेऊ.

चूक होते तरी कशी?

आपण सिनेमा सलग बघतो, पण तो सलग काढलेला नसतो. नायक गावातल्या घराच्या दारातून आत शिरतो तेव्हा दाराबाहेरचे गाव एका राज्यातले असते आणि दाराआतली खोली मुंबईच्या स्टुडिओतली. मधे दोन-चार महिनेही गेलेले असतात. एका खोलीतले सगळे प्रसंग एकदमच उरकून घेतात, मग त्यातला एक सिनेमाच्या सुरुवातीचा असो नाही तर शेवटचा. शिवाय एकच संवाद अनेकदा काढतात. एकदा सगळी खोली दिसेल असा, एकदा फक्त नायकाचा चेहरा, एकदा नायिकेचा. तेवढ्यात नायकाच्या हातातली सिगारेट जळून निम्मी होते, पेल्यातले सरबत संपते, कपाळावरची टिकली सरकते. पुढे हे सारे तुकडे जोडले की अर्धा झालेला पेला क्षणात पुन्हा भरलेला दिसतो!

हे होऊ नये म्हणून सेटवर एक माणूस खास लक्ष ठेवतो. हॉलिवूडमध्ये त्या कामाला 'स्क्रिप्ट सुपरवायझर' म्हणतात. आपल्याकडे बहुधा एखादा सहायक दिग्दर्शक हे 'कंटिन्युइटी'चे काम सांभाळतो. शर्टाचे कोणते बटण उघडे होते, भांग कुठून पाडला होता, पिशवी कोणत्या खांद्यावर होती, हे सारे तो टिपून ठेवतो. पूर्वी वही आणि झटपट निघणारे फोटो होते, आता मोबाइल नि टॅब्लेट आले. त्याच्या जोडीला ड्रेसदादा, मेकअपदादा, लाइटमन अशी कितीतरी माणसे राबत असतात. त्यांचे काम चोख झाले तर कुणाच्या ध्यानातही येत नाही. चुकले तरच चर्चा होते! कष्टकऱ्याच्या कामाची ही तऱ्हा आपल्या वाचकांना वेगळी सांगायला नको.

कधी कधी चूक ठाऊक असूनही ठेवली जाते. संकलकापुढे दोन तुकडे असतात. एकात पेला जुळतो पण अभिनय फिका, दुसऱ्यात पेला जुळत नाही पण डोळ्यांतले पाणी खरे वाटते. असा संकलक दुसरा तुकडा निवडतो, आणि आमच्या मते बरोबर करतो.

'शोले'चेच उदाहरण घ्या

१५ ऑगस्ट १९७५ रोजी लागलेला 'शोले' कुणी पाहिला नसेल? शेवटच्या मारामारीत ठाकूरचे हात कुडत्याच्या आत लपवलेले असल्याचे चाणाक्ष प्रेक्षकाला दिसते. रामगढात राधा रोज संध्याकाळी दिवे लावते-विझवते, म्हणजे गावात वीज नाही. मग वीरू ज्या उंच टाकीवर चढून धिंगाणा घालतो, त्या टाकीत पाणी चढते कसे? हा प्रश्न पन्नास वर्षे लोक हसत हसत विचारत आले आहेत.

पण याच सिनेमाची दुसरी बाजूही ऐका. राधा दिवे विझवते आणि जय ओसरीवर बसून बाजा वाजवतो, ते छोटेसे प्रसंग टिपायला सुमारे २० दिवस लागले. दिग्दर्शक रमेश सिप्पी आणि कॅमेरामन द्वारका दिवेचा यांना सूर्य मावळतानाचा तोच उजेड हवा होता आणि तो रोज थोडाच वेळ मिळे. आगगाडीवरच्या दरोड्याचा प्रसंग पनवेलजवळ मुंबई-पुणे मार्गावर काढला, त्याला सात आठवड्यांहून अधिक काळ लागला. पडद्यावर मात्र सगळे एका दमात घडल्यासारखे वाटते.

'पाकीजा'ची कथा तर याहून अवघड. १९५६च्या सुमारास सुरू झालेला हा सिनेमा फेब्रुवारी १९७२मध्ये लागला. मधल्या काळात मीनाकुमारी आजाराने खचल्या. नाचाचे काही भाग पद्मा खन्ना यांनी त्यांच्या जागी चेहरा झाकून केले. कॅमेरामन जोसेफ विर्शिंग १९६७ साली वारले आणि पुढचे काम इतरांनी पुरे केले. इतक्या वर्षांचे तुकडे जोडूनही प्रेक्षकाला एकच साहिबजान दिसते. मीनाकुमारी सिनेमा लागल्यावर दोन महिन्यांच्या आतच, ३१ मार्च १९७२ रोजी गेल्या.

आपल्या सिनेमाची सुरुवातच मुळी अशा तडजोडीने झाली. दादासाहेब फाळके यांना १९१३च्या 'राजा हरिश्चंद्र'साठी बाई मिळेना, म्हणून हॉटेलात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. १९१७च्या 'लंकादहन'मध्ये तर राम तेच आणि सीताही तेच! बारकाईने बघणाऱ्याला सीतेचे दंड जरा भरदारच दिसत. पण लोकांनी ते गोड मानून घेतले.

काळाचे भान सुटते तेव्हा

दुसऱ्या जातीची चूक म्हणजे त्या काळात नसलेली वस्तू पडद्यावर येणे. २००० सालच्या 'ग्लॅडिएटर'मध्ये प्राचीन रोममधला रथ उलटतो आणि त्याच्या मागे चक्क गॅसची टाकी दिसते! 'लगान' (२००१) घडतो १८९३ साली. त्यात सहा चेंडूंचे षटक आहे. पण इंग्लंडात १८८९ ते १८९९ या काळात षटक पाच चेंडूंचे होते, सहाचे झाले १९०० साली. 'भाग मिल्खा भाग' (२०१३) मध्ये १९५०च्या दशकातला मिल्खा जे गाणे म्हणतो ते १९६२च्या 'सन ऑफ इंडिया' सिनेमातले आहे. 'टायटॅनिक'मधला जॅक १९१२ साली विसोटा तळ्यावर मासे धरल्याचे सांगतो. ते तळे धरण बांधल्यावर, १९१७च्या सुमारास तयार झाले.

या 'टायटॅनिक'ची आणखी एक गोष्ट आम्हाला फार आवडते. बोट बुडाल्यावर नायिका आकाशाकडे बघते, तेव्हा दिसणारे तारे त्या रात्रीचे नव्हते. नील डिग्रास टायसन या कृष्णवर्णीय अमेरिकन खगोलशास्त्रज्ञाने हे पुराव्यानिशी दाखवून दिले आणि ते सांगत राहिले. शेवटी २०१२ साली सिनेमा पुन्हा लागला तेव्हा दिग्दर्शक जेम्स कॅमेरॉन यांनी आकाश बदलून बरोबर केले. अभ्यास करून ठामपणे बोलणाऱ्यापुढे एवढ्या मोठ्या दिग्दर्शकालाही दुरुस्ती करावी लागली, हे मुलांना जरूर सांगा.

या चुका हसण्यावारी नेऊ नका

आता तिसरी जात. ही सर्वांत वाईट, कारण ती चूक वाटतच नाही.

'अमर अकबर अँथनी' (१९७७) मध्ये तिघे भाऊ तीन खाटांवर झोपतात आणि त्यांचे रक्त वर टांगलेल्या बाटलीत चढून तिथून आईच्या अंगात उतरते. मनमोहन देसाईंचा हा प्रसंग डोळ्यांत पाणी आणतो, पण रक्त असे वर चढत नाही. रक्तदात्याची पिशवी हाताच्या खालच्या पातळीवर ठेवतात. एका वेळी ३५० किंवा ४५० मिलिलिटर रक्त घेतात. त्याचा गट पाहतात आणि एचआयव्ही, कावीळ 'बी' व 'सी', सिफिलिस, मलेरिया यांच्या तपासण्या झाल्यावरच ते रोग्याला देतात. दवाखान्यात "आमचे रक्त आत्ताच काढून लगेच चढवा" असा हट्ट धरणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

नागाचे सिनेमे घ्या. १९७६चा 'नागिन', १९८६चा 'नगीना', सगळीकडे नाग पुंगीवर डोलतो आणि सूड घेतो. सापाला बाहेरचे कान नसतात. तो पुंगीच्या सुरावर नव्हे, तिच्या हालचालीवर डोलतो. गंमत म्हणजे १९५४च्या 'नागिन'मधली गाजलेली पुंगी ही पुंगी नव्हतीच! कल्याणजींनी क्लेव्हायोलिन आणि रवींनी हार्मोनियम वाजवून तो सूर काढला होता. इथपर्यंत ठीक. पण सिनेमातला नायक साप चावलेल्या जागी चीर देऊन तोंडाने विष ओढतो, ते मात्र घातक आहे. चीर देऊ नये, विष ओढू नये, घट्ट आवळून बांधू नये. माणसाला धीर द्यावा, चावलेला अवयव हलू देऊ नये आणि वेळ न घालवता सरकारी रुग्णालय गाठावे. सापाच्या विषावर तिथले इंजेक्शन हाच उपाय आहे, मांत्रिक नव्हे.

कोर्टाचेही तसेच. साक्षीदार गीतेवर हात ठेवतो, न्यायाधीश हातोडा आपटतात, हे सिनेमातले कोर्ट. आपल्या न्यायालयात हातोडा आपटायची पद्धत नाही. १९६९च्या शपथ कायद्याप्रमाणे साक्षीदाराला कोणत्याही ग्रंथावर हात ठेवावा लागत नाही. तो ईश्वराच्या नावाने शपथ घेऊ शकतो किंवा गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करू शकतो. ज्याला ईश्वराच्या नावाने शपथ घ्यायची नाही त्याने तसे न घाबरता सांगावे. खुनाला सरसकट फाशी हेही खरे नाही. कायद्यात फाशी किंवा जन्मठेप अशी तरतूद आहे आणि सत्र न्यायालयाने दिलेली फाशी उच्च न्यायालयाने कायम करावी लागते. ते जुने ३०२ कलमही आता राहिले नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत खुनाच्या शिक्षेचे कलम १०३ आहे.

सिनेमातला इन्स्पेक्टर एखाद्या गरिबाला उचलून नेतो, चार-चार दिवस कोंडून मारतो आणि आपण टाळ्या वाजवतो. राज्यघटनेचे २२वे कलम सांगते की, अटक केलेल्या माणसाला प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभे करावे लागते आणि आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घ्यायचा त्याला हक्क आहे. ज्यांना कोर्टकचेरीची माहिती फक्त पडद्यावरून मिळते, ते हा हक्क मागायलाच विसरतात. पट्टी डाव्या हाताची उजव्या हाताला गेल्याने कुणाचे बिघडत नाही, याने मात्र बिघडते.

म्हणून आम्ही घरच्यांना एक सुचवतो. येत्या रविवारी टीव्हीवर सिनेमा लागेल तेव्हा पोराच्या हाती वही द्या. पानावर उभी रेघ मारून दोन रकाने करा. एकावर लिहा, 'जुळले नाही'. दुसऱ्यावर लिहा, 'हे खरे आहे का?' पहिल्या रकान्यातल्या चुकांवर सगळ्यांनी मिळून हसा. दुसऱ्या रकान्यातले प्रश्न मात्र तसेच सोडू नका. शाळेतल्या बाईंना, ओळखीच्या नर्सताईंना, वस्तीतल्या वकिलाला विचारा, वाचनालयात शोधा, आणि मिळालेले उत्तर त्याच वहीत प्रश्नासमोर लिहून ठेवा.