कर्करोगाचे उपचार आणि माणसांचा आधार

न्यासाच्या वार्षिक अहवालात जमाखर्च, खाटांची संख्या आणि यंत्रसामग्री यांचा तपशील असतो व तो असलाच पाहिजे. देणगीदारांच्या प्रत्येक रुपयाचा हिशेब देणे हे आमचे कर्तव्य आहे. परंतु कर्करोगाचे उपचार घेणाऱ्या रुग्णाच्या आयुष्यात असेही बरेच काही घडते, ज्याची नोंद कोणत्याच खातेवहीत होत नाही. या काळात माणूस एकाकी का पडतो, जगण्याचा अर्थ त्याला पुन्हा कसा गवसतो आणि त्यात कुटुंबाचा, रुग्णालयाचा व समाजाचा वाटा कोणता, याविषयी विश्वस्त, देणगीदार आणि रुग्णांचे आप्त यांच्यासमोर थोडे निवेदन करावे, असा या लेखाचा हेतू आहे.

दीर्घ उपचार, दीर्घ एकाकीपणा

कर्करोगाचे उपचार महिनोन्महिने चालतात. तोंडाच्या वा घशाच्या कर्करोगात किरणोपचार बहुधा आठवड्यातून ५ दिवस, असे ६ ते ७ आठवडे घ्यावे लागतात. प्रत्यक्ष किरण काही मिनिटेच दिले जातात. उरलेला वेळ प्रवासात आणि प्रतीक्षेत जातो. केमोथेरपीचे अनेक प्रकार ३ आठवड्यांच्या अंतराने, ४ ते ६ किंवा त्याहून अधिक वेळा दिले जातात. या अवधीत नोकरी खंडित होते, शेतीची कामे दुसऱ्यावर सोपवावी लागतात, स्वयंपाकघराचा ताबा सुनेकडे जातो. दरवर्षी आषाढीला पायी पंढरपूरला जाणाऱ्या वारकऱ्याची वारी चुकते. ज्या कामांमुळे आपण कोणाच्या तरी उपयोगाचे आहोत असे माणसाला वाटते, नेमकी तीच त्याच्या हातून सुटतात. शरीराच्या वेदनेइतकेच हे दुःख खरे असते.

त्यात गैरसमजांची भर पडते. कर्करोग स्पर्शाने, एका ताटात जेवल्याने किंवा जवळ बसल्याने पसरत नाही. बाहेरून दिलेल्या किरणांचा अंश शरीरात राहत नाही, त्यामुळे किरणोपचार घेणाऱ्या आजोबांनी नातवाला मांडीवर घेण्यास कोणतीही हरकत नाही. काळजी घ्यावयाची ती रुग्णाच्या बाजूने. केमोथेरपीनंतर साधारणतः ७ ते १४ दिवसांच्या सुमारास रक्तातील पांढऱ्या पेशी घटतात व संसर्गाचा धोका वाढतो. त्या दिवसांत गर्दी टाळावी, सर्दी-ताप असलेल्यांनी भेटीस येऊ नये आणि रुग्णाला ताप आल्यास विनाविलंब रुग्णालयाशी संपर्क साधावा. मात्र याचा अर्थ रुग्णाचे ताट-पेला वेगळा काढून त्याला मागच्या खोलीत ठेवावे, असा मुळीच नाही.

मौनाची भिंत

आमच्याकडे येणाऱ्या आप्तांची एक विनंती आम्हांस वारंवार ऐकू येते : "त्यांना काही सांगू नका." या विनंतीमागे माया असते, हे आम्ही जाणतो. परंतु बहुतेक रुग्णांना आपल्या आजाराची कल्पना येतेच. घरातील माणसे त्याच्यासमोर हसतात आणि बाहेर येऊन डोळे पुसतात. रुग्णही त्यांना त्रास नको म्हणून काही विचारीत नाही. अशा रीतीने एकमेकांवर जीव टाकणारी माणसे एकमेकांपासून दूर जातात. शेताची वाटणी, मुलीचे लग्न, जुना अबोला मिटविणे अशा गोष्टी बोलायच्या राहून जातात. रुग्णाला किती जाणून घ्यावयाचे आहे, हे त्यालाच विचारावे आणि त्याच्या गतीने सांगावे, हा मार्ग आम्हांस अधिक श्रेयस्कर वाटतो.

अर्थाचा शोध

व्हिएन्नाचे मनोविकारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रँकल यांनी नाझी छळछावण्यांतील अनुभवांवर १९४६ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. माणसाला अर्थ तीन वाटांनी लाभतो, असे त्यांचे प्रतिपादन आहे : हातून घडणारे काम, प्रेम व अनुभव, आणि अटळ दुःखाला सामोरे जाताना आपण स्वीकारलेली वृत्ती. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग केंद्रातील डॉ. विल्यम ब्राइटबार्ट यांनी या विचाराच्या आधारे प्रगत कर्करोगाच्या रुग्णांसाठी ८ आठवड्यांची गटसंवादाची पद्धती सिद्ध केली. त्यापूर्वी, १९६७ मध्ये लंडन येथे सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस सुरू करणाऱ्या डॉ. सिसिली सॉन्डर्स यांनी वेदना शारीरिक, मानसिक, सामाजिक आणि आध्यात्मिक अशा चारही अंगांनी पाहावी, असा आग्रह धरला होता. आपल्याकडे १९८६ मध्ये मुंबईत वांद्रे येथे सुरू झालेले शांती अवेदना सदन हे भारतातील पहिले हॉस्पिस होय.

वेदनाशमन आणि मनाचा आधार म्हणजे उपचार थांबविणे, हा समजही दूर व्हावयास हवा. फुप्फुसाच्या प्रगत कर्करोगाच्या १५१ रुग्णांचा अमेरिकेतील एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. नेहमीच्या उपचारांबरोबर आरंभापासूनच अशी सेवा मिळालेल्या रुग्णांचे जीवनमान अधिक चांगले राहिले आणि त्यांच्यात नैराश्यही कमी आढळले.

येथे एक सावधगिरी नमूद करावीशी वाटते. केवळ खंबीर मनाने कर्करोग बरा होतो, असे नाही. म्हणूनच आजार बळावल्यास "हिंमत कमी पडली" असा दोष रुग्णाला देऊ नये. तंबाखूमुळे आजार झालेल्या रुग्णाच्या मनात अपराधाची भावना आधीच असते. त्याला नव्याने बोल लावून काहीही साधत नाही.

काय करता येईल

आप्तांना आमची विनंती आहे की, रुग्णाला झेपेल असे काम त्याच्याकडे राहू द्यावे. भाजी निवडणे, हिशेब तपासणे, नातवाचा अभ्यास घेणे ही कामे लहान दिसतात, परंतु घरातील त्याचे स्थान त्यांमुळे टिकून राहते. घरच्या निर्णयात त्याचे मत घ्यावे. "काही होणार नाही" असे म्हणून विषय बंद करण्यापेक्षा "आज कसे वाटते?" असे विचारून उत्तर ऐकून घ्यावे. सेवा करणाऱ्या व्यक्तीलाही आठवड्यातून काही तास विसावा मिळेल, अशी पाळी लावावी.

रुग्णालयाच्या बाजूनेही साध्या व्यवस्थेचा मोठा उपयोग होतो. किरणोपचारांची वेळ रोज एकच ठेवली, तर तीच माणसे रोज एका बाकावर भेटतात. तोंड आल्यावर काय खावे, गावाकडची गाडी किती वाजता सुटते, केस परत येतात का, हे ती एकमेकांना सांगतात. आदल्या महिन्यात उपचार पूर्ण केलेल्या रुग्णाचे दोन शब्द नवागताला जो धीर देतात, तो आम्हां कर्मचाऱ्यांच्या शब्दांनी क्वचितच मिळतो. आणि तो धीर देताना सांगणाऱ्यालाही आपल्या दुःखाचा काही उपयोग झाला, असे समाधान लाभते.

दुःखातून सेवेकडे जाण्याची ही वाट देणगीदारांनाही परिचित आहे. लेडी मेहेरबाई टाटा यांचे १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने निधन झाल्यानंतर सर दोराबजी टाटा यांनी १९३२ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ या आजाराच्या संशोधनासाठी न्यास स्थापिला. पुढे सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या साह्याने परळ येथे टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले.

यंत्रासाठी देणगी मिळविणे तुलनेने सुलभ असते, कारण यंत्र दिसते आणि त्यावर नावाची पाटी लावता येते. समुपदेशकाचे वेतन, नातेवाइकांच्या निवासाचा खर्च किंवा प्रतीक्षागृहातील पंखा व बाके यांवर पाटी लागत नाही. हे खर्च दरवर्षी नव्याने उभे राहतात आणि निधी अपुरा पडला की प्रथम कात्री त्यांनाच लागते. विश्वस्तांनी अंदाजपत्रकात या खर्चास स्वतंत्र स्थान द्यावे आणि देणगीदारांनी आपल्या देणगीचा काही अंश त्यासाठी राखून ठेवावा, अशी आमची नम्र विनंती आहे. ज्यांना द्रव्य देणे शक्य नाही, त्यांनी आठवड्यातील एक दुपार रुग्णांसमवेत घालविली, तरी त्या मदतीचे मोल आम्ही तितकेच मानू.