रुबाबाची गाडी आणि रोजची गाडी

ऑक्टोबर २०१० मध्ये औरंगाबादेत (आजचे छत्रपती संभाजीनगर) एक मोठा सौदा झाला. तेथील उद्योजक, व्यावसायिक मंडळींनी एकत्र येऊन एकाच वेळी १५० मर्सिडीज गाड्या विकत घेतल्या. सौदा सुमारे ६५ कोटी रुपयांचा होता. स्टेट बँकेने सात टक्क्यांच्या आसपास व्याजाने कर्ज दिले. शेतकऱ्याला ट्रॅक्टरसाठी यापेक्षा जास्त व्याज का, असा प्रश्न तेव्हा अनेकांनी विचारला आणि तो रास्तच होता. मराठवाड्यात पैसा आहे हे जगाला दिसले, असेही काहींचे म्हणणे पडले. आमच्या मते त्या सौद्याने एक गोष्ट नक्की केली. गाडी म्हणजे धंद्याची पत, हा समज तालुक्याच्या कापड बाजारापर्यंत आणखी घट्ट झाला.

आमच्या पेढीतही अशीच एक रुबाबाची गाडी काही वर्षे होती. जुन्या बाजारातून घेतलेली १८०० सीसीची टर्बो पेट्रोल सेडान. गाडीबद्दल आमची काही तक्रार नाही. मोकळ्या रस्त्यावर ती पाखरासारखी जात असे. पण ती ज्या कामासाठी बनली होती, ते काम अंबडात नव्हते. आमचे काम म्हणजे सकाळी जालना, दुपारी परत, आठवड्याच्या बाजाराला घनसावंगी किंवा शहागड, आणि मागे चार-सहा ताग्यांची गाठोडी.

अशी गाडी एवढे पेट्रोल का पिते, हे समजून घेण्यासारखे आहे. टर्बो म्हणजे धुराड्यातून बाहेर पडणाऱ्या वायूच्या जोरावर फिरणारा पंखा. तो इंजिनात जादा हवा कोंबतो. जादा हवेला जादा पेट्रोल लागते. जोर दिला की इंजिन तापू नये म्हणून त्यात आणखी पेट्रोल सोडले जाते. हलक्या पायाने, एका चालीने चालवली तर हीच गाडी बरे मायलेज देते. पण गतिरोधक, बैलगाडी, उसाची ट्रॉली, पुन्हा गतिरोधक, अशा रस्त्यावर दर फर्लांगाला वजनदार गाडी थांबवायची आणि पुन्हा उचलायची, यात सगळे जाते. त्यात गाडीचे पोट जमिनीलगत. माल भरला की ती आणखी खाली बसते. समृद्धी महामार्ग जालन्यावरून जातो, तेथे तरी जोर कामी येईल म्हणावे, तर तेथेही मर्यादा ताशी १२० किलोमीटरची आहे. शिवाय देशात २०२५ पर्यंत पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आले. इथेनॉलमध्ये ताकद पेट्रोलपेक्षा कमी असते, त्यामुळे मायलेज थोडे घटते, आणि जुन्या गाड्या या मिश्रणासाठी बनलेल्याही नाहीत.

आता हिशेब पाहा. अंबड ते जालना जाऊन-येऊन, गावातली फिराफिर धरून, साठ किलोमीटर. महिन्याचे पंचवीस दिवस म्हणजे १५०० किलोमीटर. लिटरला दहा किलोमीटर देणाऱ्या गाडीला १५० लिटर लागतात. लिटरचा भाव १०५ रुपये धरला तर १५,७५० रुपये. वीस किलोमीटर देणाऱ्या साध्या गाडीला याच्या निम्मे, ७,८७५ रुपये. वर्षाचा फरक ९४,५०० रुपये. रुंद टायर आणि विम्याचा जादा हप्ता यात धरलेला नाही.

पगारदार माणसाच्या दृष्टीने हा खर्च असेल. व्यापाऱ्याच्या दृष्टीने हे भांडवल आहे. आमच्या लाइनमध्ये ईदचा माल रमजानच्या आधीच भरावा लागतो. मालेगाव, भिवंडी, सुरत, कुठेही जा, रोखीच्या गिऱ्हाईकाला भाव वेगळा आणि उधारीच्या गिऱ्हाईकाला वेगळा. आपल्यातले बरेच जण व्याजाचे कर्ज टाळतात, म्हणजे पैसा गल्ल्यातूनच उभा करायचा. त्या वेळी हातात लाखभर रुपये असणे आणि नसणे, यावर पूर्ण सीझनचा नफा ठरतो.

हा हिशेब न समजणारा व्यापारी आम्ही पाहिलेला नाही. तरी लोक गाडी बदलत नाहीत, कारण अडचण पेट्रोलची नसतेच. आमचा भाचा, जो आता दुकान सांभाळतो, त्याने सरळ सांगितले, "मामू, गाडी विकली तर बाजारात बोंब होईल की सेठ बसला." तो चुकीचे बोलत नव्हता. उधारीच्या धंद्यात अशी एक कंडी पिकली की दलाल फोन करू लागतात, जुने येणे मागतात, आणि नवा माल अडतो. चांगली चाललेली पेढी केवळ अफवेने अडचणीत येऊ शकते.

म्हणून गाडी कोणती घ्यावी यापेक्षा ती कधी बदलावी, याला आम्ही जास्त महत्त्व देतो. सीझनच्या तोंडावर मुळीच बदलू नये. तेव्हा पैसा उभा करण्यासाठी विकली असाच अर्थ निघतो. ईद झाल्यावर, सर्व बिले चुकती करून, मगच गाडी काढावी. आम्ही तेच केले. शेवटचे बिल तारखेच्या चार दिवस आधी दिले आणि दलालाला गाडीची बातमी स्वतःच सांगितली. चार लोक चार गोष्टी बोलले, पण माल कोणी अडवला नाही. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून आयकराचा नियमही बदलला आहे. नोंदणीकृत सूक्ष्म व लघु उत्पादकाचे बिल लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसल्यास १५ दिवसांत द्यावे लागते. थकलेली रक्कम प्रत्यक्ष दिल्याखेरीज खर्चात धरता येत नाही. यंत्रमागवाला आता गाडी कमी आणि तारीख जास्त बघतो.

राहिला प्रश्न गाडीचा. कापडवाल्यांची खरी गाडी म्हणजे ओम्नी. १९८४ पासून २०१९ पर्यंत ती निघत होती आणि तिने किती दुकाने उभी केली याची मोजदाद नाही. आज तिच्या जागी ईको आहे. कुटुंबासाठीही हवी असेल तर वॅगन-आरसारखी उंच बांध्याची गाडी बरी. सीएनजी घेणाऱ्यांनी दोन गोष्टी पाहाव्यात. एक, रोजच्या वाटेवर पंप आहे का आणि तेथे गॅस नियमित मिळतो का. दुसरी, सिलिंडर डिकी खातो. जेथे ताग्यांची गाठोडी ठेवायची तेथेच टाकी बसते. टाटाने २०२३ मध्ये दोन लहान सिलिंडर खाली बसवून ही अडचण कमी केली आहे.

कराची बाजूही पाहावी. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवर (चार मीटरपर्यंत लांबी, पेट्रोल १२०० सीसीपर्यंत) जीएसटी १८ टक्के झाला, मोठ्यांवर ४०. पण माणसे बसण्याची कार धंद्याच्या नावावर घेतली तरी कापड व्यापाऱ्याला त्या कराची वजावट मिळत नाही. मालवाहू गाडीवर मिळते, मात्र कंपोझिशन योजनेत असणाऱ्यांना नाही. ज्यांना फक्त माल आणायचा आहे त्यांनी मालवाहू नमुना घेण्याचा विचार जरूर करावा.

जुनी गाडी विकताना आपल्याकडे फार ढिलाई चालते. पैसे घेतले, किल्ली दिली, की झाले. कागद मात्र वर्षानुवर्षे आपल्याच नावावर. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या प्रकरणात स्पष्ट केले आहे की, अपघात झाला तर आरटीओच्या नोंदीत ज्याचे नाव, तोच मालक समजला जाईल आणि भरपाईची जबाबदारी त्याची. तेव्हा फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून जालन्याच्या आरटीओत नाव बदलल्याची खात्री करावी, गाडीवर कर्ज असेल तर फॉर्म ३५ घ्यावा, आणि विम्यातला नो क्लेम बोनस गाडीबरोबर जाऊ देऊ नये. तो मालकाचा असतो, नव्या गाडीच्या हप्त्यात वळता करून मिळतो. विमा कंपनीकडून तसे पत्र मात्र मागून घ्यावे लागते.