आपल्या घरचा हिरा : माप आणि पारख

घरातील सोन्याचे वजन आणि कस बहुतेकांना तोंडपाठ असतो. बांगड्या किती तोळ्यांच्या, पाटल्या कोणत्या सोन्याच्या, हे आजीपासून नातीपर्यंत सर्वांना ठाऊक असते. हिऱ्याची गोष्ट निराळी. आईकडून आलेल्या हिऱ्यांच्या कुड्या, लग्नातील अंगठी, नथीतला एखादा खडा यांविषयी विचारले, तर ‘चांगला आहे, जुना आहे’ यापलीकडे उत्तर मिळत नाही. पुढे भावंडांत वाटणी करण्याची, अडीअडचणीत दागिना मोडण्याची किंवा सैल झालेले कोंदण दुरुस्तीस देण्याची वेळ येते, तेव्हा हे अज्ञान महाग पडते. सोने तराजूत घालता येते. हिऱ्याच्या बाबतीत मात्र दुसऱ्याच्या शब्दावर विसंबावे लागते. म्हणून वजन, रंग, निर्मळता आणि पैलूंची घडण या चार गोष्टी प्रत्येक कुटुंबाने समजून घ्याव्यात. त्यांवरच हिऱ्याची प्रत ठरते.

कॅरेट : शब्द एक, अर्थ दोन

पहिला घोटाळा शब्दापासूनच सुरू होतो. सोन्याचे कॅरेट शुद्धता सांगते. शुद्ध सोने २४ कॅरेटचे. २२ कॅरेट म्हणजे २४ भागांपैकी २२ भाग सोने. हिऱ्याचे कॅरेट हे वजन आहे. एक कॅरेट म्हणजे २०० मिलिग्रॅम, अर्थात एका ग्रॅमचा पाचवा हिस्सा. त्याच्या शंभराव्या भागास आपल्याकडील व्यापारात ‘सेंट’ म्हणतात. तेव्हा ‘पंचवीस सेंटचा हिरा’ म्हणजे पाव कॅरेटचा, ५० मिलिग्रॅम वजनाचा.

भूमध्यसमुद्राच्या काठी कॅरोब नावाच्या झाडाच्या बिया वजनासाठी वापरीत; त्यांवरून हा शब्द आला. आपल्याकडे तेच काम लाल गुंजेने केले. आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा, हे कोष्टक जुन्या पिढीला पाठ होते. त्या हिशेबाने ११.६६ ग्रॅमच्या तोळ्यात ९६ गुंजा येतात व एक गुंज सुमारे १२१ मिलिग्रॅम, म्हणजे ०.६ कॅरेट भरते. आपल्या घरच्या जुन्या टिपणांत हिऱ्याचे वजन गुंजांत किंवा रतींत लिहिलेले आढळले, तर हे प्रमाण उपयोगी पडेल. परंतु रतीचे माप प्रांतोप्रांती वेगळे होते आणि कॅरेटही १९०७ साली आंतरराष्ट्रीय परिषदेने २०० मिलिग्रॅम ठरवीपर्यंत शहरागणिक बदलत असे. म्हणून जुना आकडा अंदाजापुरताच घ्यावा.

न काढता वजन कसे कळावे?

जडवलेला हिरा काट्यावर ठेवता येत नाही. पण त्याचा व्यास मोजता येतो. गोल, ५७ किंवा ५८ पैलूंच्या ‘ब्रिलियंट’ घडणीच्या हिऱ्याचे माप आणि वजन यांचे नाते साधारणपणे ठरलेले असते. ३ मिलिमीटर व्यासाचा हिरा सुमारे १० सेंटचा, ४.१ मिलिमीटरचा पाव कॅरेटचा, ५.२ मिलिमीटरचा अर्ध्या कॅरेटचा आणि ६.५ मिलिमीटरचा एक कॅरेटचा असतो.

अधिक नेमका अंदाज हवा असल्यास व्यासाचा वर्ग करावा, त्यास खोलीने गुणावे आणि येणाऱ्या संख्येस ०.००६१ ने गुणावे. मापे मिलिमीटरमध्ये घ्यावीत. समजा, व्यास ५.२ आणि खोली ३.१ आहे. ५.२ चा वर्ग २७.०४, गुणिले ३.१ म्हणजे ८३.८, गुणिले ०.००६१ म्हणजे ०.५१ कॅरेट. कोंदणामुळे खोली मोजता येत नसेल, तर व्यासाच्या ६० टक्के धरावी. हा अंदाजच होय. पण कोणी ‘हा पाव कॅरेटसुद्धा नाही’ असे सांगू लागले, तर आपल्या हाती एक आधार राहतो.

दोन सावधगिरीच्या सूचना येथे द्याव्याशा वाटतात. पहिली अशी की, हा हिशेब गोल ब्रिलियंट घडणीलाच लागू आहे. जुन्या दागिन्यांतील सपाट बुडाचे ‘रोझ’ घडणीचे खडे किंवा कुंदनातील पोलकी वरून रुंद दिसतात, पण पातळ असल्याने वजनाला कमी भरतात. दुसरी सूचना एकूण वजनाविषयी. महाराष्ट्रात काय किंवा तमिळ आणि कन्नड घरांत काय, सात हिऱ्यांच्या कर्णभूषणाला मोठा मान आहे. दोन्ही कानांचे मिळून १४ हिरे आणि प्रत्येक १० सेंटचा धरला, तर एकूण वजन १.४० कॅरेट होते. परंतु १.४० कॅरेटच्या एका हिऱ्याची किंमत त्या चौदांच्या बेरजेहून कितीतरी अधिक असते, कारण मोठा खडा निसर्गात दुर्मीळ. पावतीवर नुसते एकूण वजन लिहिलेले असेल, तर खड्यांची संख्याही पाहावी.

रंग आणि निर्मळता

पांढऱ्या हिऱ्यात जितकी पिवळसर झाक कमी, तितकी त्याची प्रत वरची. १९५० नंतरच्या दशकात अमेरिकेतील रत्नशास्त्र संस्थेने आखलेली श्रेणी आज जगभर चालते. ती इंग्रजी ‘डी’ अक्षरापासून सुरू होते व ‘झेड’पर्यंत जाते. डी, ई, एफ हे रंगहीन. जी ते जे जवळजवळ रंगहीन. पुढे झाक वाढत जाते. पिवळ्या सोन्याच्या कोंदणात हिऱ्यावर सोन्याची छाया पडते. म्हणून जडवलेल्या हिऱ्याचा रंग जाणकारही एका अक्षरात सांगत नाही. ‘जी ते आय यांच्या दरम्यान’ असे म्हणतो. घरी पाहावयाचे असल्यास दागिना पांढऱ्या कागदावर ठेवावा आणि दिवसाच्या उजेडात, उन्हापासून दूर, खडा बाजूने न्याहाळावा.

निर्मळता दहापट मोठे दाखविणाऱ्या भिंगातून ठरते. आपल्या प्राचीन रत्नशास्त्रानेही बिंदू, रेखा, काकपद असे दोष नोंदविले होते. आज त्यांच्या ११ पायऱ्या मानतात. वर सर्वथा निर्दोष; त्याखाली व्ही. व्ही. एस. आणि व्ही. एस., ज्यांतील दोष भिंगातूनही कष्टानेच सापडतात, मग एस. आय., ज्यातील दोष भिंगात सहज दिसतात. आणि शेवटी ‘आय’, ज्याचे दोष पुष्कळदा नुसत्या डोळ्यांनाही जाणवतात. मात्र दोष म्हणून केवळ दुःख मानू नये. हिऱ्यातील ठिपके व रेषा ही त्याची जन्मखूण आहे. ती आपल्याला ठाऊक असेल, तर दुरुस्तीहून परत आलेला हिरा आपलाच आहे की नाही, हे ओळखता येते.

घडणीचे मोल

रंग आणि निर्मळता निसर्ग देतो. घडण माणूस देतो. वरच्या पैलूंतून शिरलेला प्रकाश खालच्या पैलूंवर आदळून पुन्हा वर आला, म्हणजे हिरा झळकतो. हिरा फार उथळ कापला तर प्रकाश बुडातून निसटतो, फार खोल कापला तर बाजूंनी. १९१९ साली मार्सेल तोल्कोवस्की यांनी या प्रमाणांचे गणित मांडले.

तेजासाठी वजनाचा त्याग करावा लागतो. त्र्यंबकेश्वराच्या देवस्थानचा ‘नाशिकचा हिरा’ १८१८ साली पेशवाई बुडाली तेव्हा इंग्रजांच्या हाती गेला. त्यावेळी तो सुमारे ९० कॅरेटचा होता. लंडनमध्ये त्याला नवे पैलू पाडले गेले; पुढे १९४० साली न्यूयॉर्कमध्ये तो पुन्हा कापला, तेव्हा ४३.३८ कॅरेटचा उरला. कोहिनूरही १८५२ साली १८६ जुन्या कॅरेटांवरून १०५.६ वर आला. घरच्या जुन्या हिऱ्याला ‘नवे पैलू पाडून घ्या’ असा सल्ला कोणी दिला, तर ही उदाहरणे आठवावीत. गेलेले वजन परत येत नाही, आणि हातघडणीच्या जुन्या हिऱ्यांना चाहते आहेत.

घातक परीक्षा

ऐरणीवर घाव सोसतो तोच खरा हिरा, हा दृष्टांत आपण लहानपणापासून ऐकतो. दृष्टांत म्हणून तो थोर आहे. परीक्षा म्हणून घातक. हिऱ्यावर ओरखडा उठत नाही, कारण तो अत्यंत कठीण आहे. परंतु त्याच्या स्फटिकात फुटण्याच्या दिशा ठरलेल्या असतात व नेमका घाव बसल्यास तो दुभंगतो. काच कापून पाहणेही व्यर्थ, कारण काच इतर कितीतरी खडे कापतात.

आज आणखी एक प्रश्न उभा आहे. १९५५ साली अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीने प्रयोगशाळेत हिरा तयार केल्याचे जाहीर केले. आता असे हिरे दागिन्यांतही येतात. ते रासायनिकदृष्ट्या हिरेच आहेत. किंमत मात्र पुष्कळ कमी. नैसर्गिक आणि प्रयोगशाळेतील हिरा यांतील भेद डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी रत्नपरीक्षण प्रयोगशाळेतील उपकरणेच हवीत. दागिन्यावरील हॉलमार्क सोन्याची शुद्धता सांगतो, हिऱ्याविषयी काहीही सांगत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

आजच करण्याजोगे

एखाद्या निवांत दुपारी घरातील हिऱ्यांचे दागिने काढून बसावे. हिऱ्याला तेलाचा फार ओढा असतो. म्हणून कोमट पाण्यात सौम्य साबण घालून मऊ ब्रशाने ते स्वच्छ करावेत. मात्र कुंदन किंवा मागून बंद कोंदण असल्यास पाण्यात बुडवू नये. आतील वर्ख काळा पडतो. नंतर एका वहीत प्रत्येक दागिन्याचे एकूण वजन, खड्यांची संख्या, प्रत्येकाचा व्यास आणि भिंगातून दिसणाऱ्या खुणांचे साधे रेखाचित्र नोंदवावे. छायाचित्र जोडावे. दुरुस्तीस देताना हीच मापे पावतीवर लिहून घ्यावीत आणि परत घेताना ताडून पाहावीत. मोठा खडा असेल आणि विक्रीचा किंवा वाटणीचा विचार असेल, तर ज्याला खरेदीत स्वारस्य नाही अशा प्रयोगशाळेकडून परीक्षा करवावी.

ती वही दागिन्यांबरोबर न ठेवता वेगळी जपावी, आणि घरातील मुलामुलींना ती दाखवावी. उद्या वाटणीची वेळ आली, तर दोन बहिणींत संशय निर्माण होण्याऐवजी वही उघडली जाईल. एवढे झाले, तरी त्या दुपारचे चीज झाले.